५.८ सेंटची वीज ८.९ सेंटला कशी गेली: आयडाहोच्या छोट्या अणुभट्ट्यांचं प्रकरण

आयडाहो राज्यात स्नेक नदीच्या पठारावर अमेरिकेची एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. २० डिसेंबर १९५१ रोजी तिच्या आवारात अणुभट्टीच्या विजेवर चार बल्ब पेटले. अणूपासून वापरण्याजोगी वीज मिळाल्याचा तो पहिला प्रसंग मानला जातो. त्याच आवारात सत्तर-एक वर्षांनी सहा छोट्या अणुभट्ट्या उभ्या राहायच्या होत्या. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी तो प्रकल्प रद्द झाला, तेव्हा मुख्य बांधकाम सुरूही झालेलं नव्हतं. कुठे बिघाड झाला नाही, अपघात झाला नाही, कोर्टकचेरीत काम अडकलं असंही नाही. विजेचा अपेक्षित दर वाढला आणि ती वीज घ्यायला पुरेशी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत.

कुठल्या तंत्रज्ञानाची वीज स्वस्त, हा प्रश्न आपण बहुधा एखादा तक्ता समोर ठेवून सोडवतो. सौर इतके, पवन इतके, गॅस इतके, अणू इतके. सगळ्यात लहान आकडा जिंकला. या प्रकरणात तोच प्रश्न काही डझन लहान गावांना सह्या करून, पुढच्या चाळीस वर्षांचे पैसे बांधून सोडवायचा होता. त्यामुळे तक्त्यात न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे उघड झाल्या. माझं मत आधीच सांगतो: युनिटचा दर हा तंत्रज्ञानाच्या अंगचा गुण नाही. व्याज, बांधकामाला लागलेली वर्षं, संच वर्षात किती तास चालतो आणि धोका कोणाच्या खांद्यावर आहे, या चार गोष्टींतून तो तयार होतो. त्या न सांगता दिलेला दर मला अर्धवट वाटतो.

एक खुलासा. अमेरिकेत घाऊक वीज मेगावॅट-तासाला अमुक डॉलर अशी मोजतात. मी सगळे आकडे आपल्या सवयीच्या युनिटवर आणून सेंटमध्ये देतो आहे. ५८ डॉलर प्रति मेगावॅट-तास म्हणजे युनिटला ५.८ सेंट.

गिऱ्हाईक कोण होतं

युटा आणि आसपासच्या राज्यांतल्या लहान नगरपालिका, ग्रामीण वीज सहकारी संस्था अशा सुमारे पन्नास सदस्यांची यूएएमपीएस नावाची एक सामाईक संस्था आहे. सदस्य एकत्र येऊन वीज विकत घेतात, काही प्रकल्पांत भागीदारी करतात आणि आपापल्या गावात पुरवतात. नफा कमावणारा मालक मध्ये नाही. दर वाढला तर तो थेट गावकऱ्यांच्या बिलात उतरतो, आणि तो मंजूर करणारे नगरसेवक त्याच गावात राहतात.

त्यांची अडचण खरी होती. कोळशावरचे जुने संच उतरणीला लागले होते. न्यू मेक्सिकोतलं सॅन हुआन केंद्र, ज्यात या संस्थेचा हिस्सा होता, २०२२ मध्ये बंद झालं. युटातल्या हंटर केंद्रातला हिस्साही कायमचा पुरणारा नव्हता. दिवसरात्र चालणारी, हवामानावर अवलंबून नसलेली आणि धूर न सोडणारी वीज त्यांना हवी होती.

ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेल्या न्यूस्केल कंपनीकडे तशी रचना होती. एका मोठ्या भट्टीऐवजी छोट्या, कारखान्यात बनवून आणता येतील अशा अनेक भट्ट्या एकाच पाण्याच्या कुंडात बसवायच्या. पंप बंद पडले तरी पाणी नैसर्गिक अभिसरणानं फिरत राहील आणि भट्टी आपोआप थंड होईल, हे तिचं मोठं बलस्थान. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगानं ऑगस्ट २०२० मध्ये ५० मेगावॅटच्या रचनेचं सुरक्षा मूल्यमापन पूर्ण केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये रचनेला रीतसर प्रमाणपत्र दिलं. छोट्या अणुभट्टीला त्या देशात मिळालेलं ते पहिलंच प्रमाणपत्र. अभियांत्रिकी म्हणून हे काम उत्तम होतं, आणि प्रकल्प बुडाला म्हणून त्याला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही.

प्रकल्पाचा आकार मात्र सतत बदलत राहिला. सुरुवातीला ५० मेगावॅटचे बारा संच होते. मग तेच बारा संच ६० मेगावॅटचे, म्हणजे एकूण ७२० मेगावॅट. २०२१ मध्ये ७७ मेगावॅटचे सहाच, म्हणजे ४६२ मेगावॅट. पहिला संच २०२९ ला, सगळे २०३० पर्यंत. केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्यानं २०२० मध्ये दहा वर्षांत मिळून सुमारे १४० कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं होतं.

५.८ वरून ८.९

२०२१ मध्ये गावांना सांगितलेला लक्ष्य-दर होता युनिटला ५.८ सेंट. जानेवारी २०२३ मध्ये नवा अंदाज आला, ८.९ सेंट. बांधकामाचा एकूण खर्च ५३० कोटी डॉलरवरून ९३० कोटींवर गेला होता.

या ८.९ मध्ये एक गोष्ट दडलेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई-नियंत्रणाच्या नावाचा जो कायदा झाला, त्यात स्वच्छ विजेला भरघोस कर-सवलती होत्या. त्या सवलतीनं दर युनिटमागे साधारण ३ सेंट खाली आला होता. ती बाजूला काढली तर आकडा १२ सेंटच्या घरात जातो. ऊर्जा खात्याचे १४० कोटीही हिशेबात धरलेले होते. म्हणजे दोन वर्षांत गावकऱ्यांच्या दृष्टीनं दर निम्म्याहून जास्त वाढला, आणि खर्चाच्या दृष्टीनं दुपटीच्या आसपास.

कारणं विचारल्यावर संस्थेनं मालाच्या किमती दाखवल्या. पोलादी पत्रे, पाइप, तांब्याच्या तारा, विजेची उपकरणं, सगळ्याच्या किमती दोन-तीन वर्षांत भडकल्या होत्या. कार्बन स्टीलचे पाइप तर दुपटीच्या वर गेले होते. त्याच्या जोडीला व्याजदर. वाचणाऱ्याचं लक्ष सहसा पोलादावर जातं. माझं व्याजावर जातं, आणि का ते एका हिशेबातून दाखवतो.

एकच भट्टी, दोन दर

पुढचे आकडे या प्रकल्पाचे नाहीत. हिशेब कसा चालतो हे दिसावं म्हणून घेतलेले सोपे आकडे आहेत.

समजा, एका अणुसंचाचा बांधकाम खर्च किलोवॅटमागे ६,००० डॉलर आहे. संच वर्षातले ९० टक्के तास चालतो, म्हणजे दर किलोवॅटमागे वर्षाला ७,८८४ युनिट मिळतात. पैसे ४० वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे. ४ टक्के व्याज असेल तर वर्षाचा हप्ता ३०३ डॉलर येतो आणि युनिटमागे ३.८ सेंट पडतात. ८ टक्के असेल तर हप्ता ५०३ डॉलर, युनिटमागे ६.४ सेंट. पोलाद तेच, काँक्रीट तेच, माणसं तीच.

अजून बांधकामाचा काळ धरलेला नाही. संच पूर्ण होईपर्यंत एक पैसा येत नाही, पण आधी खर्च केलेल्या पैशांवर व्याज चढत असतं. सहा वर्षांच्या बांधकामात पैसा सरासरी तीन वर्षं अडकतो. ४ टक्क्यांनी खर्च साधारण साडेबारा टक्के फुगतो. बांधकाम दहा वर्षं रखडलं आणि व्याज ८ टक्के असलं, तर तो ४७ टक्क्यांनी फुगतो. दोन्ही परिणाम एकत्र धरा: एका टोकाला ४.३ सेंट, दुसऱ्या टोकाला ९.४ सेंट. त्यात अजून इंधन, पगार, देखभाल यांतलं काही नाही.

दोन्ही टोकांना उभी असलेली भट्टी एकच आहे. तिचा आराखडासुद्धा बदललेला नाही. दर मात्र दुपटीहून जास्त वेगळा.

हाच हिशेब इतरांना लावून पाहिला की प्रत्येकाचा स्वभाव कळतो. किलोवॅटला १,००० डॉलरचं गॅसचं संयुक्त चक्र केंद्र (गॅस टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर वाफेची टर्बाइनही चालवणारं) वर्षातले ६० टक्के तास चालवलं आणि ३० वर्षांत फेडलं, तर भांडवलाचा वाटा ४ टक्के व्याजानं १.१ सेंट आणि ८ टक्क्यांनी १.७ सेंट येतो. व्याज दुप्पट झालं तरी फरक अर्ध्या सेंटचा. पण गॅसचा जीव इंधनात असतो. अशा केंद्राला एका युनिटला साधारण ६,५०० बीटीयू उष्णता लागते (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक). हेन्री हब या अमेरिकेतल्या मुख्य बाजारात दहा लाख बीटीयू गॅस २०२० मध्ये सरासरी २ डॉलरच्या आसपास होता, २०२२ मध्ये ६.४ च्या आसपास आणि २०२३ मध्ये परत अडीचवर. म्हणजे नुसत्या इंधनाचा खर्च तीन वर्षांत १.३ सेंटवरून ४.२ वर चढला आणि १.६ वर उतरला. गॅस स्वस्त की महाग, हे कुठल्या वर्षी विचारता त्यावर ठरतं.

सौर प्रकल्पाला इंधन नाही आणि बांधकाम वर्षाभरात उरकतं. किलोवॅटला १,१०० डॉलर आणि २५ टक्के तास धरले तर ४ टक्क्यांनी २.९ सेंट, ८ टक्क्यांनी ४.५ सेंट. म्हणजे वाढत्या व्याजाची झळ सूर्यालाही लागते, अणूइतकीच. सगळा खर्च पहिल्या दिवशी करायचा आणि पुढे इंधनाला काहीच लागणार नाही, असं ज्याचं ज्याचं आहे ते सगळं व्याजाच्या बाबतीत नाजूक असतं. फरक इतकाच की सौर प्रकल्पाला रखडायला फारशी जागाच नसते.

तक्ता काय म्हणत होता

२०२३ च्या एप्रिलमध्ये लझार्ड या वित्तसंस्थेनं आपला वार्षिक तक्ता प्रसिद्ध केला. त्यातले अनुदानाशिवायचे दर युनिटवर आणले तर असे दिसतात: मोठे सौर प्रकल्प २.४ ते ९.६ सेंट, जमिनीवरची पवनऊर्जा २.४ ते ७.५, साठवणीसह सौर ४.६ ते १०.२, गॅसचं संयुक्त चक्र ३.९ ते १०.१, भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवरची वीज, ६.१ ते १०.२, कोळसा ६.८ ते १६.६ आणि नवी अणुवीज १४.१ ते २२.१ सेंट.

आयडाहोचे ८.९ सेंट या रांगेत उभे केले तर पहिल्या नजरेला ते बरे वाटतात. सौर-साठवणीच्या पट्ट्यात बसतात आणि अणूच्या पट्ट्याच्या तर कितीतरी खाली. पण ही तुलना दोन ठिकाणी फसवी आहे. ८.९ अनुदान धरून आहे आणि तक्ता अनुदानाशिवायचा. त्यामुळे रांगेत १२ च्या आसपासचा आकडा ठेवायला हवा. शिवाय लझार्डचा अणूचा आकडा प्रामुख्यानं जॉर्जिया राज्यातल्या व्होग्टल केंद्रावर, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या बांधकामावर आधारलेला आहे. व्होग्टलचे दोन नवे संच सुमारे १,४०० कोटी डॉलरमध्ये २०१६-१७ पर्यंत व्हायचे होते. ते २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाले आणि खर्च ३,००० कोटींच्या वर गेला. मधल्या काळात भट्टी बनवणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीनं मार्च २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आयडाहोचा आकडा अजून कागदावरच होता, पायासुद्धा खणलेला नव्हता. कागदावरच्या दराची तुलना कागदावरच्याच दराशी करावी, आणि बांधून झालेल्याची बांधून झालेल्याशी.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर गावांच्या सुरुवातीच्या निर्णयावर अन्याय होईल.

असे तक्ते ज्या मापावर बनतात त्याला एलसीओई म्हणतात. प्रकल्पाच्या आयुष्यातला सगळा खर्च आजच्या किमतीत आणायचा, सगळी युनिटंही त्याच रीतीनं आणायची आणि भागाकार करायचा. या मापात दुपारी एकचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट सारखंच धरलं जातं. एमआयटीचे अर्थशास्त्रज्ञ पॉल जोस्को यांनी २०११ मध्ये हीच त्रुटी नेमकी दाखवली: हवं तेव्हा चालवता येणारं केंद्र आणि ऊन-वाऱ्यावर चालणारं केंद्र यांची या एका आकड्यावर तुलना करणं चुकीचं आहे, कारण दोघांच्या विजेचं बाजारमूल्य वेगळं असतं. म्हणूनच अमेरिकेची ऊर्जा माहिती संस्था खर्चाच्या जोडीला 'त्या केंद्रामुळे दुसरीकडचा किती खर्च वाचला' हेही मोजते आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था २०१८ पासून मूल्य जमेस धरून दुरुस्त केलेला एलसीओई देते.

हे जवळून पाहू. एखाद्या गावाची हिवाळ्यातली मागणी सरासरी १०० मेगावॅट आहे. पाच दिवस ढग बसले, वारा पडला, थंडी वाढली. त्या पाच दिवसांना १२,००० मेगावॅट-तास लागतील. १०० मेगावॅटची चार तासांची बॅटरी देते ४००. म्हणजे तशा तीस बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या हव्यात.

बॅटरीचा दर किती, या प्रश्नालाही एक उत्तर नाही. उभारणीसह दर किलोवॅट-तास क्षमतेला ३०० डॉलर, १५ वर्षं आणि ६ टक्के धरले तर वर्षाचा हप्ता ३१ डॉलर येतो. ती वर्षातून ३५० वेळा भरली आणि रिकामी केली, तर युनिटमागे साठवणीचा खर्च ९ सेंटच्या आत राहतो. वर्षातून पाचदाच लागली, तर तोच खर्च ६ डॉलरच्या वर जातो. सेंट नव्हे, डॉलर. दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत नेण्यासाठी बॅटरी उत्तम आहे आणि दिवसेंदिवस स्वस्तही होते आहे. जानेवारीतल्या कुंद आठवड्यासाठी ती परवडत नाही. म्हणून त्या आठवड्यासाठी कोणी निव्वळ बॅटरीवर विसंबत नाही. गॅस, जलविद्युत, दुसऱ्या राज्यातून येणारी वीज, बाजारातून खरेदी असं काहीतरी मागे उभं असतं, आणि त्याचा खर्च सौर विजेच्या २.९ सेंटमध्ये दिसत नाही.

तेव्हा गावांनी ५.८ सेंटची चोवीस तासांची वीज पसंत केली, यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या भावाला मीही हो म्हटलं असतं. ८.९ ला, आणि तोही पुढे वाढणार नाही याची खात्री नसताना, त्याच विजेचा पुन्हा विचार करावा लागणारच होता.

लहान असण्याची किंमत

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा आहे, आणि तो उदयाला येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञानाला लागू पडतो.

यंत्र निम्म्या क्षमतेचं केलं म्हणून त्याचा खर्च निम्मा होत नाही. प्रक्रिया-उद्योगात एक जुना ठोकताळा आहे: खर्च क्षमतेच्या ०.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबानं निम्म्या क्षमतेला ६६ टक्के खर्च येतो, म्हणजे किलोवॅटमागे ३२ टक्के जास्त. छोट्या अणुभट्टीची सुरुवातच या तोट्यातून होते. तो भरून निघतो कारखान्यात एकसारखे नग पुन्हा पुन्हा बनवून. दर दुपटीला खर्च १० टक्क्यांनी उतरतो असं धरलं, तर ६४ व्या नगाला खर्च पहिल्याच्या जवळपास निम्म्यावर येईल. पण त्यासाठी ६४ नगांची मागणी लागते, आणि आयडाहोत सहाच होते. बाराचे सहा झाले तेव्हा सामाईक इमारत, नियंत्रण कक्ष, सुरक्षा यांचा खर्चही कमी युनिटांवर वाटला गेला. ९३० कोटी डॉलरला ४६२ मेगावॅटनं भागलं की किलोवॅटमागे २०,००० डॉलर येतात. त्यात महागाई आणि वित्तखर्च धरलेला आहे हे ध्यानात ठेवलं तरी आकडा जड आहे. व्होग्टलचा ३,००० कोटींच्या हिशेबानं १३,००० च्या पुढे जातो.

वारंवार बनवण्यानं काय होतं हे सौर पॅनलनी दाखवलं. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या नोंदीप्रमाणे मोठ्या सौर प्रकल्पांची जागतिक सरासरी २०१० मध्ये युनिटला ४६ सेंट होती, २०२३ मध्ये ४.४. पॅनल हा लाखोंच्या संख्येनं बनणारा नग आहे. एका चुकीची दुरुस्ती पुढच्या आठवड्याच्या मालात दिसते. अणुकेंद्रात ती पुढच्या प्रकल्पात, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी दिसते, आणि तोवर तिथली अनुभवी माणसं पांगलेली असतात. फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलच्या तिसऱ्या संचाचं काम २००७ मध्ये सुरू झालं, तो ग्रिडला जोडला गेला डिसेंबर २०२४ मध्ये.

आता गंमत वाटावी इतकं जवळचं एक उदाहरण. सप्टेंबर २०२३ मध्ये, आयडाहोचा प्रकल्प शेवटच्या घटका मोजत असताना, त्याच युटा राज्यात बीव्हर परगण्यात फर्व्हो नावाच्या कंपनीनं भूऔष्णिक प्रकल्पाचं काम सुरू केलं. तंत्र नवंच आहे: तेल-वायू क्षेत्रातली आडवी विहीर खोल, गरम आणि कोरड्या खडकात खणायची, खडकाला भेगा पाडायच्या, पाणी फिरवून उष्णता वर आणायची. हीही चोवीस तासांची, धूर नसलेली वीज. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे एका विहिरीचा खर्च ९४ लाख डॉलरवरून ४८ लाखांवर आला, तोही काही महिन्यांत. इथे शिकण्याचा नग म्हणजे एक विहीर. ती काही आठवड्यांत होते आणि तोच ताफा दुसरी खणायला लागतो. जून २०२४ मध्ये साउदर्न कॅलिफोर्निया एडिसननं या प्रकल्पाची ३२० मेगावॅट वीज पंधरा वर्षांसाठी घेण्याचे करार केले.

भूऔष्णिक जिंकलं आणि अणू हरला, असा याचा अर्थ मी काढत नाही. विहिरींची उष्णता वीस वर्षं टिकते का हे वीस वर्षांनीच दिसेल. पण नव्या तंत्रज्ञानाचा आजचा दर पाहताना मी आता पहिला प्रश्न हा विचारतो: याचा एक नग बनायला किती दिवस लागतात?

सह्या

गावांकडे परत येऊ. करारात टप्प्याटप्प्यावर बाहेर पडायची सोय होती. २०२० मध्येच लोगन आणि लीहाय यांच्यासह काही शहरं बाहेर पडली. जानेवारी २०२३ चा दर लक्ष्याच्या वर गेल्यानं पुन्हा तशी संधी आली, तरी राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी प्रकल्पातच राहायचं ठरवलं. प्रकल्प पुढे न्यायचा तर २०२४ च्या सुरुवातीपर्यंत ८० टक्के, म्हणजे सुमारे ३७० मेगावॅट विजेला गिऱ्हाईक पक्कं हवं होतं. प्रत्यक्षात मागणी नोंदली गेली ११६ मेगावॅटच्या आसपास, एक चतुर्थांश.

गावं कचरत होती त्यामागे या भागाची एक जुनी आठवणही आहे. वायव्य अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या सार्वजनिक वीज संस्थेनं सत्तरच्या दशकात पाच अणुकेंद्रं एकदम बांधायला घेतली. चौथ्या आणि पाचव्या केंद्रासाठी ८८ लहान वीज संस्थांनी, केंद्र झालं किंवा नाही झालं तरी पैसे देऊ, असे करार केले होते. खर्च हाताबाहेर गेला, दोन्ही केंद्रं अर्ध्यावर सोडली गेली. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते करार रद्द ठरवले आणि संस्थेनं २२५ कोटी डॉलरचे रोखे बुडवले. अमेरिकेतल्या नगरपालिका-रोख्यांच्या इतिहासातली तोवरची ती सर्वांत मोठी बुडवणूक. पाचांपैकी एकच केंद्र पूर्ण झालं.

मोठी कंपनी पाच प्रकल्पांपैकी एक फसला तर सोसते. वीस हजार वस्तीचं गाव सोसू शकत नाही. पहिलटकर तंत्रज्ञानाचा धोका अशा गावांच्या बिलावर टाकणं हीच या प्रकल्पाची मुळातली चूक होती, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या नगाच्या अनुभवाचा फायदा सगळ्या देशाला, सगळ्या उद्योगाला होणार. खर्च मात्र शेतावरच्या पाणी-पंपाचं बिल भरणाऱ्या माणसानं करायचा. १४० कोटींची सरकारी मदत मोठी वाटते, पण तिची रक्कम ठरलेली होती. वाढीव खर्चाला तळ नव्हता, आणि तो गावांकडे होता. हा धोका सरकारनं किंवा डझनभर मोठ्या वीज कंपन्यांनी वाटून घेतला असता, तर व्याजही कमी पडलं असतं आणि दरही. वर केलेल्या हिशेबात ४.३ आणि ९.४ मध्ये जे अंतर आहे, ते बरंचसं याच वाटणीतून येतं.

मे २०२५ मध्ये अणु नियामक आयोगानं न्यूस्केलच्या ७७ मेगावॅटच्या रचनेलाही मान्यता दिली. त्याच महिन्यात कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं डार्लिंग्टन इथे ३०० मेगावॅटच्या चार छोट्या अणुभट्ट्यांपैकी पहिलीच्या बांधकामाला हिरवा कंदील दाखवला. तिथे मुख्य मालक प्रांत सरकारची वीज कंपनी आहे, गिऱ्हाइकं प्रांतभर पसरलेली आहेत आणि चारही संच एकामागून एक, एकाच जागी, त्याच माणसांकडून व्हायचे आहेत. एकूण अंदाज २,०९० कोटी कॅनेडियन डॉलर. त्यात सामाईक कामांचे १६० कोटी आणि पहिल्या संचाचे ६१० कोटी. उरलेल्या तिघांना मिळून १,३२० कोटी ठेवलेत, म्हणजे सरासरी एकाला ४४० कोटी. पहिल्या संचानंतर खर्च पावपटीहून जास्त उतरेल हे गृहीत धरूनच दर काढलेला आहे. पहिला संच २०३० पर्यंत अपेक्षित आहे; दुसऱ्याचं बिल ४४० कोटींच्या जवळ येतं की ६१० च्या, ते त्यानंतर कळेल.